कवडीचा पाय

कोंबडीच्या पायावरच्या पट्टीचं टोक आतल्या बाजूला होतं. रेणुका ते नेहमी बाहेरच्या बाजूला संपवायची. आत राहिलं तर कोंबडी चोचीने उचकटते. काल संध्याकाळीही तिने ते बाहेरच चिकटवलं होतं. कोंबडीला स्वतःची पट्टी सोडता येते. पुन्हा बांधता येत नाही.

तिने कवडीला टॉवेलात गुंडाळून मांडीवर आडवं केलं आणि पट्टी काढली. आत मलम नव्हतं, ओली माती होती. तळव्यावरची काळी खपली भिजून सुटली होती. मधल्या बोटाची सूज वर, नळीपर्यंत चढली होती आणि बोट हाताला गरम लागत होतं. कवडीने पाय ओढून घेतला नाही. रेणुकेला तेच जास्त खटकलं.

माघापासून ती हा पाय धूत होती, बांधत होती. बरा होत आला की तो पुन्हा चिघळायचा. ती कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. तिने प्रत्येक वेळी संशय औषधावर घेतला आणि औषध बदललं.

"काय म्हणतोय पेशंट?" तिच्या नवऱ्याने, श्रीमंतने, बूट घालता घालता विचारलं. त्याला कोळारच्या कारखान्यात सकाळच्या पाळीवर जायचं होतं. "गावाकडून ग्यानबाकाकाचा फोन आलता, माय. मंगळवारी मरीआईला आखाडाची कोंबडी घेऊन या म्हणायलेत. माघात चुकलं, आता चुकवू नको."

"पाय बरा न्हाई तिचा." रेणुकेच्या सासूने, राजूबाईने, भाकरीवरून मान वर केली नाही. "लंगडं चालत न्हाई मरीआईला."

"मग दुसरी घेऊ की बाजारातून."

"दुसरी कबूल केली व्हती व्हय मी?"

"बघ रेणुका, माझ्यापरीस कोंबडीचीच काळजी जास्त हिला." तो हसत उठला आणि खांदा चोळू लागला. "अंग जरा कसकस करायलंय. काही न्हाई, रात्री झोप झाली न्हाई."

मोटरसायकलचा आवाज नौबादच्या रस्त्याला लागेपर्यंत राजूबाई ऐकत राहिली.

गेल्या भादव्यात श्रीमंत डेंग्यूने बेशुद्ध होता, तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात बसून तिने गावच्या मरीआईला शब्द दिला होता: पोरगं उठलं तर माझी कवडी तुला. दुसरं जवळचं असं तिच्याकडे काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी श्रीमंत उठला. कवडी अजून राजूबाईच्या खाटेखाली झोपत होती.

"आत्याबाई, पट्टी कुणी सोडली?"

"सोडली आसंल तिनंच. कोंबडीची जात."

"आणि बांधली पण तिनंच?"

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. राजूबाईने गॅस बंद केला, पण भाकरी काढली नाही.

"तुझं औषध लई गुणाचं हाय, पोरी," ती म्हणाली. "लावलं की दोन दिवसांत पाय टेकायली. ती पाय टेकायली की तिला द्यायची पाळी आली."

"म्हणून माती लावायलात?"

"आखाड गेला की मग बांधू दिलं असतं तुला. मग माघापर्यंत कोण विचारत न्हाई."

"माघापर्यंत ती जगणार न्हाई." रेणुकेने पाय उजेडाकडे धरला. "हे बघा, पू हाडात गेलाय. गुरांचे डॉक्टर मृत्युंजय म्हणालेच होते, सूज नळीवर आली तर थांबू नका, बोट काढावं लागंल. आता आली."

राजूबाई जवळ येऊन खाली बसली. तिने पायाला हात लावला नाही. कवडीच्या मानेवरची पिसं ती एका बोटाने सारखी करत राहिली.

"दुखतंय का गं हिला?"

"लई."

मग रेणुकेला वाट सुचली आणि ती घाईने म्हणाली, "आणि असं बघा. बोट काढलं की ती कायमची अधू. मरीआईला चालणारच न्हाई. ह्या आखाडात न्हाई, पुढच्या न्हाई. काका पण काही म्हणणार न्हाईत. तुम्हाला काही ठरवायलाच नको."

"म्हणजे मरीआईला सांगायचं, बोट न्हाई म्हणून देत न्हाई."

"व्हय."

"आन् बोट कुणामुळं गेलं, ते तिला कळत न्हाई व्हय?"

रेणुकेने पट्टीची गुंडाळी उगाच उलगडली, पुन्हा गुंडाळली.

"मघाशी काय म्हणाला त्यो? अंग कसकस करायलंय म्हणाला. ऐकलीस न्हवं?"

"झोप न्हाई झाली त्यांची."

"गेल्या टायमालाबी तू असंच म्हणली व्हतीस."

ते खरं होतं. रेणुकेने डॉक्टर मृत्युंजयांना फोन लावून कवडीच्या पायाचं सांगितलं. ते आत्ताच घेऊन या म्हणाले. ती फोन ठेवून सासूकडे बघत राहिली. टॉवेलातून कवडीची मान एका बाजूला कलली होती आणि डोळ्यावरची पातळ पापणी अर्धी मिटून पुन्हा उघडत होती.

"आण तिला इकडं," राजूबाई म्हणाली.

तिने कवडीला टॉवेलासकट उचललं आणि छातीशी धरलं. चपला घातल्या. रिक्षा थांबवायला रेणुका पुढे गेली, पण राजूबाई फाटकापाशीच थांबली. मरीआईचं गाव औरादच्या बाजूला होतं. ती त्या बाजूला वळली. डोक्यावरचा पदर घसरला होता. हात जोडायला मोकळे नव्हते.

"मरीआई," ती म्हणाली. शेजारची अक्का अंगण झाडायची थांबली, तरी तिने आवाज खाली केला नाही. "बोटावर ढकलत न्हाई मी. बोट असतं तरी दिली नसती. माझ्या तोंडानं कबूल केलतं, माझ्याच तोंडानं सांगायले. देत न्हाई."