नवीन बहीण

"रंगुबाई, उभ्या राहा," पाळक म्हणाले आणि पाहुण्यांकडे वळून हसले. "ह्या आमच्या नवीन बहीण."

रंगुबाई उठली. कर्जतजवळच्या त्या लहानशा मेनोनाईट पंथाच्या चर्चमध्ये पाहुणे आले की तिला उठावंच लागे. आजचे पाहुणे पुण्याहून आले होते. दुसऱ्या धर्मातून आलेली माणसं मंडळीत टिकतात का, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं.

"सांगा तुमची साक्ष," पाळक म्हणाले. "सासूनं भांडी कशी अंगणात फेकली, भावानं भाऊबीज कशी बंद केली..."

सगळ्यांना ती साक्ष पाठ होती. ती कुठे रडते हेसुद्धा बायकांना ठाऊक होतं. दोघीतिघींचे पदर आधीच डोळ्यांकडे गेले होते.

आज मात्र रंगुबाईच्या ओठांवर वेगळंच आलं. गेल्या रविवारी ती मंडळीचे पंच शमुवेल यांच्या घरी गेली होती, त्यांच्या मोनिकाला आपल्या करणसाठी मागायला. दोघं याच बाकांमध्ये खेळत मोठी झालेली, एकमेकांना पसंत. शमुवेलांनी चहा पाजला आणि म्हणाले, "घाई कशाला? तुम्ही अजून नवी माणसं. थोडं मुरू द्या."

"सासूचं लई येळा सांगितलं," रंगुबाई म्हणाली. "आज एक इचारते. आपल्यात तान्ह्या लेकराला बाप्तिस्मा देत न्हाईत. का देत न्हाईत, पाळकसायेब?"

पाळक गडबडले. "कारण... विश्वास जन्मानं मिळत नाही. जाणतं झाल्यावर ज्याचा त्यानं धरायचा असतो."

"व्हय ना? मंग मोनिकाचा बाप्तिस्मा औंदा झाला. माझा झाला तवा ती आईच्या पोटातबी नव्हती." तिचा आवाज चढला. "तरी ती जुनी आन् मी नवी? मुरायचं म्या? ह्यो कुठला जन्म मोजताय तुमी?"

पुरुषांच्या बाजूला तिचा नवरा वैजनाथ तळहातानं खुणावत होता, खाली बस, खाली बस. शमुवेल भिंतीकडे बघत होते. मोनिकाचा चेहरा लाल झाला होता, पण तिनं मान खाली घातली नाही.

पाळकांनी घाईघाईनं गीत सुरू केलं. सगळी मंडळी उभी राहून गायली, एरवीपेक्षा मोठ्यानं. गीत संपलं तसे सगळे बसले. रंगुबाई बसली नाही.

पाहुण्यांमध्ये एक पिकल्या केसांच्या बाई होत्या. त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "पण तुम्ही टिकलात ना, रंगुबाई. इतकी वर्षं."

"टिकले न्हाई, ताई. माझ्यासंगं आलेल्यांत ज्यांना माघारी दार हुतं, ती कवाच गेली." रंगुबाईनं एकवार साऱ्या बाकांवरून नजर फिरवली. "माझं ऱ्हायलं न्हाई, म्हनून दिसते हितं."