कणीएवढा डिटेक्टर

"आठ टक्के कमी," अमृता म्हणाली. "सर, मशीन कमी डोस देतंय. तेवढा वाढवून घेऊ?"

महेंद्र मागच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसला होता. रेडिओथेरपीची सगळी मोजमापं एरवी तोच करायचा. आज सकाळपासून त्याने कशालाच हात लावला नव्हता.

"डिटेक्टर कुठला लावलास?"

"रोजचाच."

"अगं, किरणांचा झोत मसुराएवढा आणि तुझा डिटेक्टर वालाएवढा. कडा झोताबाहेर राहिल्या, म्हणून आकडा पडला. मशीनचा काय दोष?"

अमृताने जीभ चावली. गाठ डाव्या डोळ्यामागे होती, दृष्टीच्या नसेला बिलगून. आठ टक्के जास्त गेले असते, तर तो डोळा कायमचा जाऊ शकला असता. पेशंटच्या चेहऱ्यावर बेतून घेतलेला जाळीचा मास्क फळीवर ठेवला होता. तिने तिकडे बघायचं टाळलं.

"छोटा काढ. आणि तूच लाव."

"तुम्ही बघा ना एकदा. माझा हात..."

"तुझा हात चांगला आहे. माझा नको."

छोटा डिटेक्टर बाहेरच्या कपाटात होता. कपाटाशेजारच्या बाकावर रमाबाई बसल्या होत्या, वर्तकनगरहून सकाळीच आलेल्या. एसी बाधतो म्हणून पदर कानांवरून ओढलेला, मांडीवर डबा.

"झालं का गं मोजून?"

"नाही आजी, परत मोजतोय. उशीर होईल थोडा."

"होऊ दे. घोडबंदर रोडला रिक्षात तासभर बसलोच की." मग आवाज खाली आला. "दुखतं का गं?"

"काहीच कळत नाही. फक्त हलायचं नाही."

"हे मात्र कठीण आहे बाई," रमाबाई म्हणाल्या आणि हसल्या.

डिटेक्टर तांदळाच्या कणीएवढा. अमृताने तो प्लास्टिकच्या ठोकळ्यात, डोक्याच्या जागी बसवला, बाहेर येऊन झोत सोडला.

"वाच," महेंद्र म्हणाला. स्क्रीन त्याच्या समोरच होती.

"पाच टक्के कमी. आता हा पण?"

"मधोमध बसला नसेल. केसभर सरकव."

तिने सरकवला. आकडा चढला. अजून केसभर सरकवला, तर उतरला. तिने तो अर्धा केस मागे घेतला आणि बाहेर येऊन पुन्हा झोत सोडला.

महेंद्रने चहाच्या ग्लासाकडे हात नेला, तो ग्लासाच्या बाजूला पडला. अमृताने ग्लास पुढे सरकवला.

"वाच."

"जुळलं, सर!"

"नाचू नकोस. लहान आहे म्हणून खरंच बोलतो असं नाही. त्याचं करेक्शन लाव."

तिने लावलं. "एक टक्क्याच्या आत."

"म्हणजे?"

"मशीन बरोबर आहे. डोस वाढवायचा नाही."

"मग कर सही."

"मी एकटीने?"

"आज तुझीच."

तिने सही केली, दार उघडलं. "आजी, बरोबर आलं."

रमाबाईंनी डबा बाजूला ठेवला, पण त्या उठल्या नाहीत. त्यांनी मांडीवर रुमाल पसरला. महेंद्र बाहेर आला, मनगटावरचं घड्याळ काढून त्याने आईच्या रुमालात ठेवलं, मग चष्मा. आत जाऊन तो टेबलावर आडवा झाला. अमृताने फळीवरचा मास्क त्याच्या चेहऱ्यावर बसवला आणि कडेच्या खिट्ट्या लावल्या.