ठणठणीत रिपोर्ट

पायांवरची सूज तशीच, धाप तशीच, मग रक्ताचा रिपोर्ट ठणठणीत कसा? सायलीच्या मनात पाल चुकचुकली. हृदय थकलेल्या आजोबांना मागच्या महिन्यात घाईनं घरी केडगावला नेलं, आणि आठवड्यात पुन्हा दवाखान्यात आणावं लागलं. आज रिपोर्ट पाहून डॉक्टर खूश, आजोबा निघायला तयार! आजीच तेवढी नजर चोरत होती. सायलीनं तिचा पदर सरकवला. कोपराच्या बेचक्यात कापसाचा बोळा! "आजी, रक्त तू दिलंस?" "हळू बोल बये! रोज रगत काढत्यात, त्येंच्यात उरलंय काय? आज तपासणीची चिठ्ठी भायेरच्या लॅबाची हुती, तिच्यावर निस्तं आडनावच हुतं. समोरच्या लॅबात मीच गेले." सायली डॉक्टरांकडे निघाली. "नगं सांगू! जाऊ दे त्यास्नी घरी!" आजोबांनी सारं ऐकलं होतं. धापा टाकत ते हसले, "म्हातारे, तुज्या रगतानं माजी सूज उतरंल व्हय?" त्यांनी नर्सला बोलावून बाही वर सारली.