पत्र्याखालची गावं

२०२१ सालचा मार्च होता. लातूरच्या कार्यालयात लॅपटॉपसमोर बसलेल्या ज्योत्स्नाची कानशिलं तापली होती.

"घरटी चार माणसं धरा," शेषेराव साहेब पुन्हा म्हणाले. लसवाटपात शेवटचा शब्द त्यांचा होता.

ज्योत्स्ना नांदेडच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. साथ कशी पसरेल, लस किती लागू पडेल, कोणत्या गावाला ती आधी द्यावी, हे मांडून दाखवणारं सॉफ्टवेअर तिनं तयार केलं होतं. वशिला नको म्हणून पडद्यावर गावांची नावं नव्हती, नुसते क्रमांक आणि गाव कुठल्या भागातलं, कसल्या वस्तीचं, एवढंच होतं. त्यात किल्लारीच्या बाजूची, भूकंपानंतर नव्यानं वसवलेली गावं सगळ्यात वर आली होती.

"रुंद रस्ते, पक्की घरं. तिथं कुठली आली ओ गर्दी?"

"पक्क्या घरांत सोयाबीनची पोती असतात साहेब. माणसं अंगणात पत्र्याचं शेड मारून झोपतात. अख्खं खानदान, दहा-बारा माणसं, एका पत्र्याखाली. डोक्यावर स्लॅब आला की अजून डोळा लागत नाही त्यांचा. एकाला झालं की सगळ्यांना होणार. मी घरोघर फिरून आलेय."

"त्र्याण्णव सालची भीती आजून? कायबी सांगायलात मॅडम. चार धरा."

तिनं चार धरले. वरची गावं घसरत घसरत तळाला गेली. साहेबांनी कागदावर सही ठोकली.

तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. तिनं क्रमांकांमागची नावं उघडली.

"बघा, तळाला कोण आहे ते. तुमचंच गाव! तुमच्या आई, नागुबाई, आणि चुलती केवळाबाई मला शेडातच भेटल्या. शेजारी शेजारी अंथरुणं होती दोघींची."

साहेब दचकतील असं तिला वाटलं होतं. ते दचकले नाहीत.

"म्हाईत हाय मला. पत्रा म्हणलात तवाच वळखलं. मीबी तिथंच झोपून नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास केला की. पण उद्या लोक म्हणतील, शेषेरावानं आपल्या गावाला आधी लस दिली. इतक्या वर्षांच्या नोकरीत एक डाग न्हाई माझ्यावर."

"तुमच्यावर डाग नको, म्हणून त्यांनी मरायचं?"

"सही झाली मॅडम. चहा घ्या."

तिनं चहाला हात लावला नाही.

एप्रिलमध्ये साथ उसळली. त्या गावांना लस गेली जूनमध्ये. केवळाबाई मे महिन्यातच गेली. ज्योत्स्नानं पुन्हा असलं सरकारी काम घेतलं नाही. ती अजून नांदेडला शिकवते, आणि त्या वर्षाचा विषय निघाला की तिचा आवाज चढतो. शेषेराव निवृत्त झाले, तेव्हा आपपर न बघणारा अधिकारी म्हणून त्यांच्या गळ्यात हार पडले. नागुबाई ठणठणीत आहे. त्या सहीच्या दिवशीच संध्याकाळी लेकानं गाडी पाठवून तिला लातूरला आणलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला लस टोचवली होती.