घराचं नाव

मेहुण्याने टीपॉयवर बंगल्याचा नकाशा पसरला, तेव्हा चहाचे कप ठेवायलाही जागा उरली नाही. शहराबाहेर, तीन मजले, सहा बेडरूम. राहणारी माणसं दोन. आमच्या भाड्याच्या दोन खोल्या त्याच्या गॅरेजमध्ये मावल्या असत्या.

"भावोजी, तुम्ही एवढं वाचता. बंगल्याला झकास नाव सुचवा."

मी 'वैभव' सुचवलं, मग 'आशीर्वाद'.

"ही तर प्रत्येक गेटवर असतात! काहीतरी तुमच्यातलं काढा."

"सुचत नाही," मी म्हणालो. खरं तर एक नाव होतं. दोन खोल्या आणि पुस्तकांची एक भिंत, एवढ्याच स्वतःच्या घरासाठी लग्नापासून जपलेलं. घर झालं नाही, पण नाव तरी माझं होतं, आणि ते त्याला द्यायचं नव्हतं.

"अहो, 'आडोसा' आहे की!" बायको आतून म्हणाली.

"तीन मजल्यांचा आडोसा!" मेहुणा खूश होऊन, नाव घेऊन गेला.

"ते आपल्या घरासाठी होतं," मी तिच्यावर चिडलो.

"ठाऊक आहे," कप उचलत ती म्हणाली. "मीही वाट पाहिलीच की. आता निदान भावाच्या दारावर तरी वाचेन."