झटके खाणारी माणसं

हेमांगी स्टुडिओत पडद्यावरच्या बाईच्या चालीतल्या मधल्या काही फ्रेम्स काढून टाकत होती. कायदाच होता तसा. संगणकानं घडवलेला माणूस झटके खातच हलला पाहिजे, म्हणजे खऱ्या माणसाशी त्याची गल्लत होत नाही. हे झटके तिच्यासारखे कुणालाच साधत नसत.

तेवढ्यात सांगलीहून वडिलांचा व्हिडिओ कॉल आला. मेंदूच्या आजारानं वर्षभरापासून त्यांची मान आणि हात असेच झटके खायचे.

"हेमा, आई न्हाणीघरात पडलीय गं. डोळे उघडत नाही."

"ॲम्ब्युलन्स बोलावलीत?"

"कधीची बोलावतोय! चेहरा दाखवल्याशिवाय ते गाडी पाठवत नाहीत, आणि मला बघितलं की तिथली फोनवरची मुलगी म्हणते, हे बनावट चित्र आहे. फोनच बंद करते."

हेमांगीनं दुसऱ्या फोनवरून ॲम्ब्युलन्सवाल्यांना स्वतःचा चेहरा दाखवला, तशी गाडी लगेच निघाली.

आई वाचली, पण तिची वाचा गेली. "थोडं आधी आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी हेमांगी सांगलीला पोचली आणि दवाखान्याच्या बाकावर वडिलांशेजारी बसली. ते हळूच म्हणाले, "तू त्या चित्रांना हलायला शिकवतेस ना? मलाही शिकव की. त्या मुलीला खरा वाटेन, एवढंच."

हेमांगीनं त्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. तो आतल्या आत उडतच राहिला.