हवालदाराचं अंडं

"उघड रे तोंड, हवालदारा. फुंकर घालघालून गार केलंय."

सून फरशीवर मांडी घालून बसली होती. पुढ्यात थाळी, थाळीत उकडलेल्या अंड्याचे बारीक तुकडे. हवालदाराने, घरातल्या त्या म्हाताऱ्या कुत्र्याने, थाळीकडे नुसतं पाहिलं आणि हनुवटी पुन्हा तिच्या सासऱ्यांच्या, घड्याळजींच्या चपलांवर टेकली. चपला तिथेच होत्या, दुरुस्तीच्या टेबलाखाली. घड्याळजी गेले तेव्हापासून त्याने पाण्याशिवाय कशालाही तोंड लावलं नव्हतं.

"संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर हा हातचा जाईल म्हणतात डॉक्टर," सून म्हणाली.

सासूबाई नवऱ्याच्या खुर्चीत बसून होत्या. त्यांच्या शेजारचं ताटही सकाळपासून झाकलेलंच होतं.

"काल ऑम्लेट केलं होतंस ना?"

"त्याचं नाव नका काढू. कांदा घातला म्हणून डॉक्टरांनी माझी सालटी काढली. कांदा म्हणजे कुत्र्याला विष. तेल नको, मीठ नको, कच्चं नको, टरफल नको. सगळं ऐकलं मी, आई. आता अजून काय करू?"

सासूबाईंनी थाळीकडे पाहिलं. "सोललंस कुठे?"

"आत. नळाखाली."

"मग त्याला कसं कळणार?"

त्या उठल्या. आत जाऊन दुसरं अंडं घेऊन आल्या. "नीट उकडलंय ना गं? नाहीतर मला अंघोळ घडायची." पुन्हा खुर्चीत बसल्या. चष्मा काढून टेबलावर ठेवला. मान ताठ केली. आणि टक्! अंडं स्वतःच्याच कपाळावर आपटलं.

"आई!"

"तू कामावर गेलीस की रोज यांचा हाच तमाशा चालायचा. मी म्हणायची, वयाला शोभतं का हे?"

टेबलाखाली एक कान उभा राहिला.

टक्.

दुसरा कान. शेपटी फरशीवर एकदा वाजली, पुन्हा वाजली, मग वाजतच राहिली. हवालदार उठला. पाय लटपटले, पण उठला. चपला ओलांडून आला आणि सासूबाईंच्या गुडघ्यावर त्याने हनुवटी ठेवली.

त्यांनी टरफलाचा कण न् कण काढला. चिमूटभर बलक पुढे केला. गेला. मग पांढऱ्याचा तुकडा. तोही गेला. मग बोटंच चाटून झाली.

"खाल्लं हो, खाल्लं!" सून अशी ओरडली की समोरच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं. ती रडत होती आणि टाळ्याही वाजवत होती.

"बास, राजा. आता अर्ध्यावर थांबायचं. पोटाला जरा सवय होऊ दे."

सासूबाईंच्या कपाळावर लालसर ठसा उमटला होता. हातात अर्धं अंडं उरलं होतं. त्यांनी ते जरा न्याहाळलं.

"मीठ आण गं."

"आई, त्याला मीठ नको सांगितलंय!"

"त्याला नाही," सासूबाई म्हणाल्या. "मला."